आतून लावलेली कडी

आमच्यासारख्या खेड्यातल्या घरात बाईमाणसाला एकटं बसायला जागा कुठली, असं मला कुणी विचारलं तर मी न्हाणी सांगेन. स्वयंपाकघरात सारखं कुणी ना कुणी येतं. देवापाशी बसावं तर मागून हाक येते, "अगं, माझा चष्मा कुठं ठेवलाय?" न्हाणीची कडी लावली की मात्र कुणी हाक मारत नाही. मारली तरी "न्हातेय" एवढं म्हणायचं, माणूस मागच्या मागं फिरतं. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मला रडायचं असलं, खुदुखुदू हसायचं असलं, नाहीतर नुसतंच गप बसायचं असलं, तर मी त्या कडीच्या आड बसलेली आहे.

लकव्यानं माझा डावा हात नेला, डावा पाय नेला, जीभ जड केली. ते सगळ्यांना दिसतं, त्याची विचारपूस होते. कडी गेली ती कुणाला दिसली नाही. म्हणून हे लिहायला घेतलं. मी शाळेत फार गेले नाही. मुलगा शिकत होता तेव्हा त्याच्या पुस्तकांवरून वाचायला-लिहायला शिकले, त्यामुळं बोलते तशीच लिहिते. नगरच्या दवाखान्यात मला व्यायाम शिकवणारी एक मुलगी होती, ती म्हणाली, "आजी, तुम्ही लिहाच. पुढच्या पेशंटला मी वाचायला देईन." तिला मी तेव्हाच सांगितलं, बाई, यात औषधांची नावं सापडायची नाहीत. माझ्या जिभेवर ती अजून बसत नाहीत.

*

त्या सकाळी मी भाकरी थापत होते. भाकरी एका अंगाला पातळ आणि दुसऱ्या अंगाला जाड व्हायला लागली. मी पिठाला नावं ठेवली, म्हटलं बाजरी जुनी असेल. मालक ताट घेऊन बसले होते. मालक म्हणजे आमचे हे. त्यांचं नाव मी कधी घेतलं नाही, आता लिहूनही घेत नाही.

ते म्हणाले, "आज भाकरीला एका बाजूनं पोट सुटलंय व्हय?"

मी हसले. माझ्या हसण्याकडं बघता बघता त्यांचा घास हातातच राहिला. मागाहून त्यांनी सांगितलं, तोंड अर्धंच हसलं होतं.

परात ओढायला डावा हात पुढं केला, तर तो आलाच नाही. पिठात पडून राहिला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. उजव्या हातानं तो उचलून मी मांडीवर ठेवला आणि म्हटलं, मुंग्या आल्यात. म्हणजे म्हणायला गेले. तोंडातून जे बाहेर पडलं ते माझं मलाच कळलं नाही.

आमचा मुलगा संदीप सुप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत आहे. रात्रपाळी करून नुकता कुठं आडवा झाला होता. मालकांनी त्याला हलवून उठवलं, शेजाऱ्यांची गाडी काढली आणि नगर गाठलं. आता अहिल्यानगर म्हणायचं हे मला माहीत आहे, पण माझ्या जड जिभेला नगरच जमतं.

डॉक्टर संदीपपेक्षाही लहान दिसत होते. म्हणाले, "काकू, दोन्ही हात वर करा."

मी केले.

"दोन्ही, काकू."

केलेत की, मी मनात म्हटलं. तेवढ्यात माझ्या सुनेनं, सुरेखानं, तोंड फिरवलं आणि ओढणी डोळ्याला लावली. मग मी खाली बघितलं. डावा हात मांडीवर होता. माझ्या हिशेबानं मी दोन्ही वर केले होते.

डॉक्टरांनी मग मेंदूचा फोटो काढला, गुठळी सांगितली, पुष्कळ काही सांगितलं. मला त्यातलं काही आठवत नाही. आठवतो तो मांडीवरचा हात. आपल्या अंगातलं काहीतरी उठून निघून गेलं आणि जाताना आपल्याला सांगितलंसुद्धा नाही, ही भीती अजून माझ्या पोटातून गेलेली नाही. तुमच्या घरात कुणाचं तोंड असं अर्धं हसलं, तर मुंग्या आल्यात म्हणत बसू नका. ताट तसंच ठेवा आणि गाडी काढा. मालकांनी तेवढं केलं म्हणून मी आज लिहितेय.

*

दवाखान्यात दिवस कसा जातो, हे तिथं पडलेल्यालाच ठाऊक. उजाडलं की बीपी, मग सुई, मग डॉक्टरांचा घोळका, मग व्यायामवाली मुलगी. मधे वेळच वेळ. वर पंखा. पंख्याच्या एका पात्यावर डाग होता, तो फिरताना बघत राहायचं. मान वळवली की शेजारच्या पेशंटचे नातेवाईक डबा खाताना दिसायचे, आणि त्यांना मी दिसायचे.

लघवीला नळी घातली होती. बाकीचं अंथरुणातच, भांड्यावर. त्याचं वर्णन करत नाही, पण लपवतही नाही, कारण तुम्ही त्यातून जात असाल तर तुम्हाला वाटत असेल की ही लाज आपल्याच वाट्याला आली. तसं नाही. सगळ्यांच्याच वाट्याला येते. मी डोळे मिटून घ्यायचे. मला वाटायचं मी डोळे मिटले की मी कुणाला दिसत नाही, लहान लेकराला वाटतं ना, तसं.

खाटेभोवती पडदा होता, पण तो पुरा पडत नव्हता. एका कोपऱ्याला फट राहायची. तिथल्या एक मावशी होत्या, नेवाशाकडच्या. त्या पडदा ओढायच्या, फटीत स्वतः पाठ करून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "हां आई, लावली बघा कडी. आता खुशाल."

बास, एवढंच. त्यांना कुणी सांगितलं होतं का, कुणास ठाऊक. मला त्या बोलल्या की रडू यायचं आणि शरीर मोकळं व्हायचं, दोन्ही एकदमच.

*

घरी आले तेव्हा मला वाटलं, सुटले. घरी आल्यावर कळलं की खरं अडकणं आता सुरू होतंय.

आमची न्हाणी घराच्या मागं, अंगण ओलांडून. संडास तिच्याही पलीकडं, पायऱ्या चढून जायचा, उकिडवं बसायचा. मला तर खाटेवरून खाली पाय सोडायला माणूस लागत होतं. मग पुढच्या खोलीत खाट, खाटेशेजारी भोक पाडलेली प्लास्टिकची खुर्ची, तिच्याखाली डबा, आणि बाकी वेळ डायपर. लोक भेटायला याच खोलीत यायचे. चहा याच खोलीत व्हायचा. खुर्चीवर सुरेखानं जुनं लुगडं टाकून ठेवलं होतं, पण ते लुगडं काय झाकतंय हे येणाऱ्या प्रत्येकाला कळायचं.

सुरेखाही कंपनीतच, पॅकिंगला. तिची आणि संदीपची पाळी वेगळी लावून घेतली, म्हणजे कुणीतरी एकजण घरी असावं. नवराबायको फाटकात भेटायची, एक आत येताना आणि एक बाहेर जाताना. एकदा फाटकातलं बोलणं मी खिडकीतून ऐकलं. "आई तुझीय, एक दिवस तू करून बघ," सुरेखा म्हणत होती. मला सुनेचा राग आला नाही. खरं तेच बोलत होती. संदीपनं त्या दिवशी केलं. माझ्याकडं न बघता, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत केलं आणि मग मागच्या अंगणात जाऊन तोंडावर पाणी मारत बसला. मी त्याला लहानपणी कसं धुतलं-पुसलं असेल ते मला आठवत होतं आणि त्याला आठवणं शक्य नव्हतं. एवढाच काय तो फरक, पण फार मोठा होता.

दोघंही नसली की मालक करायचे. ते मला हसवायचे. "एवढी वर्षं तू माझी शेवा केली, आता माझं रिटर्न गिफ्ट घे," म्हणायचे आणि डबा उचलून मागच्या अंगणात न्यायचे.

मग मी एक वाईट गोष्ट सुरू केली. पाणी पिणं सोडलं. कुणाला कळू नये म्हणून तांब्यातलं पाणी खिडकीतल्या तुळशीला घालायचे. पाणी नाही तर जायला नको, असा माझा हिशेब. तुळस चांगली फोफावली आणि मला लघवीचा दाह झाला, थंडी वाजून ताप भरला, परत नगर. डॉक्टर माझ्यावर ओरडले नाहीत, संदीपवर ओरडले. परतीच्या वाटेवर सुप्याच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या दिसायला लागल्या तशी सुरेखा म्हणाली, "आईंना घरात बाथरूम पाहिजे. त्यांच्या खोलीला लागून. बाकी सगळं राहू दे."

मी तिचा हात धरला, माझ्या चालत्या हातानं.

*

माझ्या खोलीला लागून धान्य ठेवायची खोली होती. ती रिकामी केली. संदीपला हुरूप आला. मोबाईलवर फोटो आणून दाखवायचा: पांढऱ्या चकचकीत फरश्या, त्यात राखी रेघा, वरून पाऊस पडावा तसा शॉवर, बेसिन तर काचेच्या परातीसारखं.

"आई, कसं वाटतंय?"

"लगीन कुणाचंय रं तिथं?" मी विचारलं. तो हसला, पण फरश्या त्याच आणल्या.

गवंडीकाम आबांनी करायचं ठरलं. आबा म्हणजे माझे थोरले दीर. शेजारीच राहतात, सगळी हयात गवंडीकाम केलेलं, आमचं हे घरही त्यांनीच बांधलेलं. आता त्यांच्याबद्दल थोडं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्या बाजूला थोरल्या दिराशी बाईनं सरळ बोलायचं नाही, अशी रीत. आता कुणी पाळत नाही, सुरेखा त्यांना बेधडक "आबा, चहा टाकू का?" विचारते. पण मी जुन्या वळणाची. त्यांच्यासमोर मी कधी खुर्चीवर बसले नाही, डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, आणि एक शब्दही त्यांच्याशी सरळ बोलले नाही. वैर नव्हतं हो, उलट मान होता. तेही आमच्या अंगणात पाय टाकायच्या आधी मोठ्यानं खाकरायचे. म्हणजे, मी येतोय, सावरून घ्या. मी आतून बांगड्या वाजवायचे. म्हणजे, कळलं. एवढ्यावर आमचं सगळं आयुष्य निभावलं.

तर काम सुरू झालं. मी खाटेवर, मधे पडदा, पडद्यापलीकडं आबा आणि मालक. पहिल्याच दिवशी आबा म्हणाले, "संदीपच्या आईला इचार, कमोड कुठल्या तोंडानं पायजे?"

मालकांनी पडद्यातून डोकं आत घातलं. "आबा इचारत्यात, कमोड कुठल्या तोंडानं पायजे?"

"त्यांना म्हणावं, तुमाला योग्य वाटंल तसं."

मालकांनी डोकं बाहेर काढलं. "ती म्हनती, तुमाला योग्य वाटंल तसं."

"ऐकलं मी," आबा म्हणाले. "बहिरा न्हाई झालो अजून."

मग मापाचा प्रश्न आला. कमोड किती उंच, धरायचा रॉड कुठं. ज्याला बसायचंय त्याला बसवून माप घ्यावं, हे आबांना काय कळत नव्हतं? पण थोरल्या दिरानं भावजयीला कमोडच्या जागी बसवून टेप लावायचा, हे त्यांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं आणि माझ्या कानांनी ऐकणंही शक्य नव्हतं. शेवटी आबा म्हणाले, "तूच बस रं."

मालक रंगाच्या डब्यावर बसले. मालक सहा फुटी. मी त्यांच्या खांद्याला लागते.

"जरा उंच करा आबा, गुडघं दुखत्यात."

"तुझ्यासाटी करतोय का तिच्यासाटी?"

"तिलाबी उंचच बरं की. उठाया सोपं."

"बरं. बाजू कुठली गेलीया?"

"डावी."

"मंग आधार डावीकडं."

"व्हय, व्हय. अधू बाजूलाच तर आधार लागतो."

संदीपही म्हणाला बरोबर आहे. मीही आत पडल्या पडल्या मान डोलावली. रॉड डाव्या भिंतीला लागला. कमोडखाली बांधीव ओटा आला. व्यायामवाल्या मुलीनं उंबरा नको असं बजावलं होतं, पण आबांचं म्हणणं, "बिनउंबऱ्याची न्हानी म्हंजी घरात तळं," म्हणून बारकासा का होईना उंबरा आला. दार बाहेर उघडलं तर खाटेला आपटेल, म्हणून ते आत उघडायचं केलं. आणि दाराला आतून पितळी कडी लागली. ती मात्र मी सांगितली होती. मालकांच्या मार्फत.

बाथरूम तयार झाल्यावर आळीतल्या बाया बघायला आल्या. "अगं बाई, हितं तर पंगत बसवावी!" एक म्हणाली. सगळ्या हसल्या. मी पण माझं अर्धं हसले.

*

पहिले काही दिवस सुरेखा नाहीतर मालक धरून न्यायचे, काखेत हात घालून बसवायचे, तसंच उठवायचे. दोन माणसं आत असली की दार लागायचं नाही, म्हणून दार उघडं. चकचकीत फरश्या, काचेची परात, वरून पाऊस, आणि दार उघडं. मी तशीच डोळे मिटून बसायचे. जागा बदलली होती, बाकी काही बदललं नव्हतं. आणि दुसऱ्यानं उचलल्यावर रॉडला हात लावायची वेळच येत नव्हती, म्हणून तो कुठं आहे याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

चार पायांच्या काठीवर मी आता खोलीतल्या खोलीत चालत होते. एके दिवशी संदीप-सुरेखा दोघंही पाळीला, आणि माझ्या गोळ्या संपल्या म्हणून मालक सुप्याला निघाले. जाताना म्हणाले, "आबा भाईर आपल्या ओट्यावर बसलेत. काय लागलं तर..." आणि थांबले. काय लागलं तर मी काय करणार होते? "काय लागलं तर मी लगीच येतो," म्हणाले आणि गेले.

ते गेले आणि मला लागली. थोडा वेळ दम धरला. मग मनात आलं, आत्ता घरात कुणी नाही. आज जाते.

व्यायामवाल्या मुलीनं शिकवलं होतं तसं, चालता पाय आधी उंबऱ्यावर, मग दुसरा ओढून. चौकट धरली. आत गेले. वळले. दार लावलं.

आणि कडी लावली.

काय सांगू. पितळ पितळेत बसल्याचा तो आवाज! लकवा झाल्यापासून पहिल्यांदा मी कुणाला दिसत नव्हते. अंगात गाऊन होता, तो सावरून कडेला टेकले, मागं सरकत सरकत बसले, निवांत झाले, उजव्या हातानं पाणी घेतलं, गाऊन पायांपर्यंत खाली ओढला, तसंच बसल्या बसल्या. एवढं करायला कितीतरी वेळ लागला, पण मी केलं, आणि मोठ्यानं हसले. मग उठायला गेले.

पाय जमिनीला लागत नव्हते. मालकांच्या मापाचा ओटा. बोटं तेवढी टेकत होती, टाच हवेत. टाचेशिवाय जोर कुठून येणार? रॉडकडं बघितलं. रॉड डावीकडं, चकाकत होता. माझा डावा हात त्याच्या शेजारी मांडीवर मिटून पडला होता. उजवा हात अंगावरून पलीकडं नेला तर बोटं पोचायची, पण अंग असं पिळवटायचं की बूड त्या गुळगुळीत सीटवरून घसरायला लागायचं. उजवीकडं नुसती पांढरी भिंत, राखी रेघांची. हात ठेवला की सटकायचा. काठी कडी लावताना दाराला टेकवली होती, ती हाताला येत नव्हती.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आधार जित्या हाताला लागतो. मेलेला हात काय धरणार?

पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा घसरले. आता भीती वाटायला लागली. मी पडले तर दारापाशीच पडणार, आणि दार आत उघडतं. माझ्याच अंगानं ते अडणार. बाहेरून कुणाला उघडता यायचं नाही. मोबाईल खाटेवर. मालक कधी येणार ठाऊक नाही. वर झरोक्याच्या काचपट्ट्यांतून लांबच्या पवनचक्कीचं एकच पातं दिसत होतं. यायचं, जायचं, यायचं, जायचं. दवाखान्यातला पंखा आठवला. मला वाटलं, ही माझी नवी खाट. एवढा सगळा खटाटोप करून आपण खाटेवरून उठून खाटेवरच आलो.

पाय बधिर व्हायला लागले. बाहेर आबांच्या काठीचा आवाज येत होता, ओट्यावर टक, टक. भिंतीपलीकडं माणूस बसलेलं. आणि मला हाक मारता येईना. जीभ जड होती हे खरं, पण अडली होती ती जिभेमुळं नाही. बांगड्या वाजवाव्यात, तर बांगड्या दवाखान्यात काढल्या होत्या. मग मी काय केलं असेल? मी खाकरले. चांगलं मोठ्यानं खाकरले.

बाहेर टक टक थांबली. मग आबा उठले. मग काठी लांब लांब जायला लागली.

मला आधी कळेना, मग कळलं. बाथरूममधून खाकरण्याचा आवाज म्हणजे, बाईमाणूस आत आहे, इकडं थांबू नका. आबा भले माणूस. माझी अडचण नको म्हणून ते ओटा सोडून लिंबाखाली जाऊन बसले!

मी हसले आणि हसता हसता रडायला लागले. आणि त्या रडण्यातच ओरडले, "आबा!"

आवाज फाटका निघाला. बाहेर काही नाही. मी परत ओरडले, "ओ आबा!"

काठी जवळ आली. दारापर्यंत आली आणि थांबली. या घरात माझा आवाज त्यांच्या नावानं पहिल्यांदा निघाला होता. मग ते हवेला विचारल्यासारखं म्हणाले, "घरात कुणी न्हाई का?"

"मी हाय," मी म्हटलं. "मी अडकले."

"पडली का?"

"न्हाई. उठता येईना."

"कडी लावलीया?"

"व्हय."

"कुणी सांगितलं हुतं लावाया?"

मला एकदम राग आला. कुठून आला कुणास ठाऊक. "कुणी न्हाई. माझी मीच लावली."

मग आबा म्हणाले, "डोक्यावर घे कायतरी. मी येतोय."

डाव्या रॉडवर टॉवेल होता. मी अंग पिळवटून तो ओढला आणि डोक्यावर घेतला. त्या रॉडचा मला झालेला तेवढाच उपयोग. आबांनी दाराला खांदा मारला, कडीचे स्क्रू निघाले, दार उघडलं, माझी काठी खाली पडली. आणि आबा उलटे आत आले. पाठ माझ्याकडं, तोंड दाराकडं, खेकड्यासारखे एक एक पाऊल मागं टाकत. रॉडच्या बाजूला येऊन थांबले आणि खांद्यावरचा टॉवेल मागं धरला. "धर."

"तिकडं न्हाई," मी म्हटलं. "तो हात न्हाई चालत. उजवीकडं या."

आबा हलले नाहीत. त्यांची मान तेवढी वळली, रॉडकडं, मग समोरच्या मोकळ्या भिंतीकडं. ती पाठमोरी मान मला अजून दिसते.

मग ते उजवीकडं आले. मी त्यांचा टॉवेल सोडून खांदाच धरला. त्यांचंही वय झालेलं, खांदा नुसतं हाड. ते खाली वाकले, मी पुढं कलले, टाचा टेकल्या आणि मी उभी राहिले. तसेच आम्ही बाहेर आलो, ते पुढं, मी त्यांच्या खांद्याला धरून मागं. खाटेवर बसले. ते न बघता निघाले. दारात थांबून म्हणाले, "पानी दिऊ का प्यायला?"

"द्या," मी म्हटलं. आणि सगळं पाणी प्याले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात खाकरल्याचा आवाज आला, छिन्नी-हातोड्यासकट. मालक रंगाचा डबा घेऊन उभे राहिले, परत बसायच्या तयारीत.

"तू ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "तिला बसव."

मालक माझ्याकडं बघायला लागले. मी डोक्यावर पदर घेतला. गाऊनवर पदर कुठला, सुरेखाची ओढणी घेतली. आणि थोरल्या दिरासमोर जाऊन कमोडवर बसले. सांगायला सोपं आहे. माझे कान तापले होते. आबा खाली बघून टेप लावत होते, त्यांचेही कान लाल. पण ते विचारत होते आणि मी सांगत होते, मधे कुणी नव्हतं.

"हात हितं येतो?"

"आणिक खाली."

"हितं?"

"हां. हितं."

ओटा तोडला, आता टाचा टेकतात. रॉड उजवीकडं आला. एक उभा, एक आडवा. उंबरा काढून फरशीला उतार दिला, तळंबिळं काही झालं नाही. खाट सरकवली आणि दार बाहेर उघडायचं केलं. पाय ठेवायच्या जागेतल्या चकचकीत फरश्या उखडून खरबरीत बसवल्या, तेव्हा संदीप हळहळला. "आबा, डिझाईन मोडलं की सगळं."

"डिझाईन तुझ्या फोनात हाय का न्हाई?" आबा म्हणाले. "मंग तिथं बघ."

तुमच्या घरी असं काम निघालं, तर ज्याला बसायचंय त्यालाच बसवून माप घ्या. लाज वाटेल. वाटू द्या. आणि बसणाऱ्यानंही बोला, पडद्याआडून मान डोलावू नका.

कडी परत लावली नाही. डॉक्टर नको म्हणाले, सुरेखा नको म्हणाली, मलाही ते पातं आठवतं. दार नुसतं ओढून घेते. सगळं ठीक झालं असं मी म्हणणार नाही. डावा हात अजून मिटलेलाच आहे. मागच्या अंगणात एकटीला जाता येत नाही. माझं जग म्हणजे खाट, खिडकी आणि हे दार. एखाद्या दिवशी भिंती फार जवळ येतात, मग मी कुणाशी बोलत नाही. पण तांब्यातलं पाणी मीच पिते. तुळस जरा सुकलीय.

कडीच्या जागी आम्ही एक केलंय. मी आत गेले की मधून मधून खाकरते. म्हणजे, मी आहे, ठीक आहे, येऊ नका. घरात असेल त्यानं ते ऐकायचं. आबा ओट्यावर असले तर तेही उलट खाकरतात. म्हणजे, कळलं.

परवा मी पहिल्यांदाच माझी मी अंघोळ केली. भिंतीला टेकवलेल्या स्टुलावर बसून, मगानं, गरम पाण्यानं. डोक्यावरून पाणी घेतलं आणि घेतच राहिले. दार लागलेलं, वाफ कोंडलेली, मी कुणाला दिसत नव्हते. खाकरायचं भानच राहिलं नाही. बाहेरून एकदा खाकरल्याचा आवाज आला. मग परत, जरा मोठ्यानं. मग काठी दारापाशी आली.

"हायीस ना गं आत?"

"हाय, आबा. न्हातेय."

"मंग खाकर की!"